वैद्यकीय पर्यटन : सुट्टीच्या बॅगेतली फाईल

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की बहारीनमधल्या प्रत्येक मराठी घरात एक यादी तयार होते. अर्धी यादी न्यायच्या वस्तूंची: खजूर, बदाम, भाचरांसाठी चॉकलेटं, काकूंनी मागितलेलं अत्तर. उरलेली अर्धी यादी कामांची असते. ती जरा नीट वाचून पाहा. 'बाबांचा मोतीबिंदू. आईचा गुडघा. माझी दाढ. हिच्या थायरॉईडची तपासणी. धाकट्याचा चष्मा.' तीन आठवड्यांच्या सुट्टीतले सहा-सात दिवस कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या बाकावर जातात. परत आल्यावर कोणी विचारलं, "काय, सुट्टी कशी झाली?" तर आपण सांगतो, "मस्त! गणपतीपुळ्याला जाऊन आलो." बाकावरच्या दिवसांचा हिशेब कोणी सांगत नाही.

पर्यटनाचा अभ्यास करणारे लोक काही प्रवासांना 'विशेष हेतूचा प्रवास' म्हणतात. पक्षी पाहायला भरतपूरला जाणं, लेणी पाहायला वेरूळला जाणं, वारीत चालणं, हे सगळे विशेष हेतूचे प्रवास. उपचारासाठी दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या देशात जाणं हा त्यातलाच एक प्रकार. त्याला आजकाल 'मेडिकल टुरिझम', म्हणजे वैद्यकीय पर्यटन, असं नाव पडलं आहे. हे नाव ऐकलं की डोळ्यांपुढे एखादा श्रीमंत परदेशी पाहुणा आणि पंचतारांकित रुग्णालय येतं. पण एक्स-रेचं मोठं पाकीट सूटकेसच्या तळाशी सपाट ठेवून मुंबईचं विमान पकडणारे आपणही त्याच वाटेचे प्रवासी आहोत. तेव्हा ही वाट कुठून आली, तिच्यावर खाचखळगे कुठे आहेत आणि ती शहाणपणाने कशी चालावी, याचा थोडा अभ्यास करायला हरकत नाही.

वाट जुनीच आहे

गंमत म्हणजे औषधाच्या शोधातल्या प्रवासाची एक फार जुनी कथा आपण राहतो त्या बेटाशी नातं सांगते. प्राचीन सुमेरियन लोक ज्या दिलमुनचं वर्णन करत, ते दिलमुन म्हणजे बहारीन आणि आसपासचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. दिलमुनमध्ये आजार नाही, म्हातारपण नाही, अशी त्यांची कल्पना होती. जलप्रलयातून वाचलेल्या झिउसुद्राला देवांनी इथेच वसवलं, असं त्यांची कथा सांगते. गिल्गमेश राजा मित्राच्या मृत्यूने हादरून त्या प्रलयातून वाचलेल्या पुरुषाच्या शोधात निघतो. शेवटी त्याला पाण्याच्या तळाशी असलेल्या एका वनस्पतीचा पत्ता मिळतो. ती खाल्ली की म्हातारा तरुण होतो. राजा पायांना दगड बांधून बुडी मारतो. पुढे हजारो वर्षं बहारीनचे मोती काढणारे पाणबुडेही तसाच दगड वापरून बुडी मारत आले. वनस्पती त्याच्या हाती लागते. पण घरी परतताना वाटेत तो एका तळ्यावर अंघोळीला थांबतो आणि तेवढ्यात साप ती वनस्पती खाऊन टाकतो.

औषध मिळवणं ही अर्धीच गोष्ट. ते सांभाळून घरापर्यंत आणणं ही उरलेली अर्धी. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

अलीकडच्या इतिहासात यायचं तर सॅम्युएल झ्वेमर हे अमेरिकन मिशनरी १८९२ च्या शेवटी बहारीनला आले आणि १९०३ मध्ये मनामात मिशनचं मेसन मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. आज आपण ज्याला अमेरिकन मिशन हॉस्पिटल म्हणतो, त्याचं मूळ ते. आखाताच्या या भागात त्या काळी आधुनिक उपचारांची ठिकाणं फार थोडी होती. समोरच्या अरबस्तानच्या किनाऱ्यावरून रुग्ण होड्यांतून मनामाला येत. १९१७ मध्ये मिशनचे डॉ. पॉल हॅरिसन रियाधपर्यंत जाऊन आले. म्हणजे कधी रुग्ण डॉक्टरकडे, तर कधी डॉक्टर रुग्णाकडे. १९८६ मध्ये सौदीला जोडणारा २५ किलोमीटरचा किंग फहद कॉजवे झाला आणि होडीची जागा मोटारीने घेतली.

आपल्याकडेही हे काही नवं नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या जुन्या माणसांना विचारा. 'पेशंटला मिरजेला हलवलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे दूरदूरचे रुग्ण आगगाडीने तिथे उतरू लागले. पुढे त्या गावात दवाखान्यांची, औषधांच्या दुकानांची आणि रुग्णांच्या नातेवाइकांना खोल्या देणाऱ्यांची एक दुनियाच उभी राहिली. क्षयाला औषध नव्हतं तेव्हा हवापालटासाठी रुग्ण पाचगणीला जात. निसर्गोपचारासाठी १९४६ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने उरुळीकांचनचा आश्रम सुरू झाला. आणि १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडल्यापासून तिथे बिहार, बंगाल, आसामपासून रुग्ण येत आले आहेत. त्यांच्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. रुग्णाला खाट मिळते, पण सोबत आलेल्याने रात्री पाठ कुठे टेकायची? हा प्रश्न या संस्थांनी ओळखला. माझ्या मते वैद्यकीय पर्यटनाचा सगळ्यात चांगला मराठी धडा परळ-दादरच्या या खोल्यांमध्येच आहे.

बहारीन आणि मुंबईचं नातंही जुनं. इथले मोती मुंबईच्या बाजारात जात आणि १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपया चालत असे. व्यापाराला मुंबई जवळची, तशी ती उपचारालाही जवळची झाली.

वाटेचा व्यवसाय झाला

एकविसावं शतक उजाडता उजाडता या प्रवासाला व्यवसायाचं रूप आलं. बँकॉकच्या बुमरुंग्राद रुग्णालयाला २००२ मध्ये जेसीआय हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. आशियात ते पहिलं. त्याच वर्षी दुबईत हेल्थकेअर सिटीची घोषणा झाली आणि त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात परदेशी रुग्णांना पैसे घेऊन सेवा देणं हा निर्यातीसारखा मानावा असा विचार मांडला गेला. २००५ मध्ये दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलोला जेसीआय मानांकन मिळालं, भारतातलं पहिलं. त्याच सुमारास भारताने रुग्णांसाठी वेगळा मेडिकल व्हिसा सुरू केला आणि रुग्णासोबत येणाऱ्यांचीही त्यात सोय केली. २०२३ मध्ये आयुर्वेद, योग वगैरे उपचारांसाठी आयुष व्हिसाही आला.

आपल्यापैकी बहुतेकांकडे भारतीय पासपोर्ट. आपल्याला मेडिकल व्हिसा लागत नाही. त्यामुळे व्हिसाच्या आकड्यांत आपण दिसत नाही. आपल्याला विमानतळावर नावाची पाटी घेऊन उभा राहणारा रुग्णालयाचा माणूस भेटत नाही, दुभाषा नाही की परतल्यावर चौकशीचा फोन नाही. परदेशी रुग्णाला जी साखळी मिळते, ती आपल्याला स्वतःच जोडावी लागते. आणि नेमकी तिथेच आपली गफलत होते. आपल्याला वाटतं, आपलंच गाव, आपलेच डॉक्टर, तयारी कसली करायची?

आपण गावी उपचार का घेतो, याची कारणं अगदी रास्त आहेत. खर्च कमी येतो. पोटात 'कळ येते' की 'गुबारा धरतो', हे मराठीत सांगता येतं. सोबतीला बहीण-भाऊ असतात. कंपनीच्या विम्यात दात आणि चष्मा बहुधा बसत नाही. आणि आई-वडील तर तिथेच असतात. पण या सगळ्या सोयींना एक मर्यादा आहे: परतीचं तिकीट. सुट्टी एकवीस दिवसांची असते, शरीराला मात्र सुट्टीचं वेळापत्रक कळत नाही.

माझी दाढ

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी सुट्टीत मी खालची दाढ काढून तिथे इम्प्लांट बसवून घेतलं. हाडात स्क्रू बसवल्यावर तो हाडाशी जुळून यायला साधारण तीन ते सहा महिने द्यावेत, मग वर कॅप बसवावी, असा सर्वसाधारण रिवाज. पण मला दोन फेऱ्या नको होत्या. "एकदाच काय ते उरकून टाका," असा धोशा मीच लावला. डॉक्टरांनी आधी नको म्हटलं, मग मानलं. निघायच्या आदल्या दिवशी कॅप बसली. मी खूश!

चौथ्या महिन्यात दाढ हलायला लागली. मनामातल्या दंतवैद्याने तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "स्क्रू कोणत्या कंपनीचा? माप काय?" माझ्याकडे एक पावती होती. तिच्यावर 'दंतोपचार' आणि रक्कम, बस्स. त्या दवाखान्यात फोन केला तर माझे डॉक्टर सोडून गेलेले आणि नोंद सापडेना. स्क्रूला जुळणारी हत्यारं कोणती तेच कळेना. शेवटी तो काढावा लागला, हाड भरू द्यावं लागलं आणि वर्षभराने सगळं पहिल्यापासून. स्वस्तात केलेलं काम दुपटीत पडलं. दोष त्या डॉक्टरांना किती द्यावा? घाई माझी होती आणि कागद मागायचं मलाच सुचलं नव्हतं. गिल्गमेशसारखा मीही वाटेत अंघोळीला थांबलो होतो म्हणायचं!

वाटेवरचे मोठे खड्डे

माझी गेली ती एक दाढ. काहींचं फार मोठं नुकसान झालं आहे. १९८०च्या दशकात आखातातले अनेक रुग्ण मूत्रपिंड विकत घ्यायला मुंबईला जात. अमिराती आणि ओमानमधल्या अशा सुमारे १३० रुग्णांचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण जास्त होतं आणि काही जणांना एचआयव्हीची लागणही झाली होती. ज्या गरिबांनी मूत्रपिंडं विकली त्यांचं पुढे काय झालं, याची मोजदाद त्या अभ्यासात नव्हती. १९९४ मध्ये भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला आणि ही खरेदी-विक्री गुन्हा ठरली. पुढच्या दुरुस्तीने भारतीय दात्याने परदेशी रुग्णाला अवयव द्यायचा असेल तर दोघे जवळचे नातेवाईक असले पाहिजेत, असं बंधन आलं. पैसे देऊन मूल वाढवून घेण्याचा, म्हणजे व्यावसायिक सरोगसीचा धंदाही असाच वाढला. २०१५ मध्ये तो परदेशी लोकांना बंद झाला आणि २०२१ च्या कायद्याने सगळ्यांनाच. एकाच्या प्रवासाची किंमत दुसऱ्याच्या शरीराने चुकवावी लागत असेल, तर त्याला पर्यटन कसं म्हणायचं?

दुसरा खड्डा जंतूंचा. २०१० मध्ये एनडीएम-१ नावाच्या जंतुप्रतिकाराची जगभर चर्चा झाली. बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारे हे जंतू ब्रिटनमधल्या ज्या रुग्णांत सापडले, त्यांतले काही भारतात किंवा पाकिस्तानात उपचार घेऊन आलेले होते. नावात दिल्ली आल्यामुळे आपल्याकडे राग व्यक्त झाला, तो समजण्यासारखा होता. पण रुग्णाने घ्यायचा धडा साधा आहे. वर्षभरात दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात दाखल झाला असाल, तर इथल्या डॉक्टरांना ते आपणहून सांगा. यात लाज कसली?

निघण्यापूर्वी, तिथे आणि परतल्यावर

पुढच्या गोष्टी कापून फ्रिजवर लावल्या तरी चालतील.

१. आधी ठरवा, हा आजार प्रवास करण्याजोगा आहे का? छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, अचानक धाप लागणं, यांत "गावी जाऊन दाखवू" हा विचारच करायचा नाही. ९९९ ला फोन करा आणि इथल्याच रुग्णालयात जा. पहिले काही तास गेले तर पुढे कितीही मोठं रुग्णालय गाठलं तरी गेलेलं परत येत नाही.

२. रिपोर्ट आधी पाठवा, तिकीट नंतर काढा. डॉक्टरांना विचारा: किती भेटी लागतील, त्यांत किती दिवसांचं अंतर, आणि काही बिघडलं तर राखीव दिवस किती ठेवावेत?

३. मोठी शस्त्रक्रिया असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. रुग्णालयाला एनएबीएच किंवा जेसीआय मानांकन आहे का तेही पाहा. मानांकन म्हणजे यशाची हमी नव्हे, पण नोंदी आणि स्वच्छता यांची शिस्त तपासली गेली आहे असा त्याचा अर्थ.

४. खर्च मांडताना नुसतं पॅकेज धरू नका. सोबतच्या माणसाचं तिकीट, राहणं, बिनपगारी रजा आणि पुन्हा एकदा जावं लागलं तर तो खर्च, हे सगळं धरा. बहुतेक प्रवास विम्यांत ठरवून घेतलेले उपचार बसत नाहीत. आई-वडिलांसाठी भारतात आरोग्य विमा काढायचा तर आजार होण्याआधी काढा. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकतो.

५. विमानात कधी बसायचं ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनानुसार अंदाज असा: मोतीबिंदूनंतर एक दिवस, दुर्बिणीच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस, पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस, छातीच्या किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो पूर्ण जिरेपर्यंत विमान बंद. गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे असतो, तेव्हा त्याबद्दल वेगळं विचारा.

६. निघताना कागद मागून घ्या: डिस्चार्ज समरी, शस्त्रक्रियेची टिप्पणी, बायॉप्सीचा अहवाल, स्कॅनची सीडी, औषधांची मूळ नावं आणि मात्रा. शरीरात काही बसवलं असेल (स्टेंट, लेन्स, सांधा, दाताचा स्क्रू) तर त्याचं स्टिकर किंवा कार्ड. हे स्टिकर मागायला लाजू नका, ते तुमचंच आहे.

७. औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह आणा. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं यांवर आखातात कडक नियंत्रण असतं. शेजाऱ्याच्या आईसाठी म्हणून दिलेली गोळ्यांची पुडी तर मुळीच आणू नका.

८. परतल्यावर आठवड्याच्या आत इथल्या डॉक्टरांना फाईल दाखवा. त्रास असो वा नसो.

ज्यांना निवड नसते

आतापर्यंत सांगितलं ते तुमच्या-माझ्याविषयी. आपण तारीख ठरवतो, डॉक्टर निवडतो, खिडकीची जागाही मागतो. पण याच विमानातून आणखी एक प्रवासी जातो. त्याच्या प्रवासाला कोणी पर्यटन म्हणणार नाही.

आपल्यातले काही जण शुक्रवारी रुग्णालयात भेटीला जातात. एकदा तिथे सोलापूरकडचा एक सुतार भेटला. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. वाचा अर्धवट. आम्ही मराठीत हाक मारली तेव्हा डाव्या हाताने त्याने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. इथल्या डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला होता. आता त्याला घरी जायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं! पण आडव्या रुग्णाला न्यायचं तर विमानात स्ट्रेचर लावावं लागतं, त्यासाठी अनेक जागा अडतात आणि त्या सगळ्यांचं भाडं भरावं लागतं. सोबत नर्स लागते. विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. मालकाने नियमाप्रमाणे तिकीट द्यायची तयारी दाखवली होती, पण ते एका खुर्चीचं. उरलेली रक्कम कोणी भरायची? ती जमवण्यात आणि कागद पुरे करण्यात आठवड्यांमागून आठवडे गेले. मुंबईला उतरल्यावर सोलापूरपर्यंतचे चारशे किलोमीटर रुग्णवाहिकेने, तो खर्च आणखी वेगळा.

तो गेला, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. "दादा, कागदावर काय लिहिलंय? इथले डॉक्टर विचारतायत, कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या?" फाईल सोबत दिली होती, पण औषधांचं पान इथेच राहिलं होतं. आम्ही पळापळ करून ते मिळवलं आणि पाठवलं. चार दिवस रक्त पातळ ठेवणारी गोळी त्याच्या पोटात गेली नव्हती. नशिबाने काही झालं नाही. पण आमच्या हातून काय राहिलं होतं ते आम्हाला कळलं.

तेव्हापासून आपल्या मंडळाच्या रुग्णसहाय्य कामात दोन गोष्टी ठरून गेल्या आहेत. निधीतून स्ट्रेचरच्या वाढीव भाड्याला, सोबतच्या नर्सला, तिथल्या रुग्णवाहिकेला आणि पहिल्या महिन्याच्या औषधांना मदत करायची. आणि प्रत्येक रुग्णामागे आपल्यातला एक माणूस नेमायचा. त्याचं काम दोन फोन आणि एक फाईल. एक फोन निघण्याआधी गावच्या डॉक्टरांना, एक पोहोचल्यावर घरच्यांना. फाईलच्या पहिल्या पानावर औषधांची यादी मराठीतून, मोठ्या अक्षरात.

या स्मरणिकेतल्या जाहिराती आणि आपल्या देणग्या त्या निधीत जातात. दिनार देणाऱ्यांचे आभार आहेतच, पण ज्यांना दिनार देणं जमणार नाही त्यांनी फाईल करायला यावं. तासाभराचं काम आहे. इंग्रजी अहवाल वाचता येणारा आणि मराठीत सुवाच्य लिहिणारा माणूस आम्हाला नेहमीच कमी पडतो.

आणि यंदा सुट्टीला निघताना तुमच्या स्वतःच्या बॅगेतही फाईल घ्यायला विसरू नका. परत येताना ती जाताना होती त्यापेक्षा जाड असली पाहिजे.